काडीवेच

आईला हॉस्पिटलात आणून सहा दिवस झाले होते आणि त्या सहा दिवसांत तिने आपणहून बोटसुद्धा हलवलं नव्हतं. चमच्याने पाणी घातलं तर गिळायची, हाक मारली तर अर्धी पापणी उचलायची, बस्स. मूत्रपिंडं थकली होती आणि ताप उतरायचं नाव घेत नव्हता. वय ब्याऐंशी. डॉक्टरांना विचारलं की ते म्हणत, “बघू.”

‘बघू’ ऐकून ताई गप्प बसायची. शब्दांवर तर तिचं पोट होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती परिभाषा कोशाच्या कचेरीत लागली, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. इंग्रजीतला शास्त्रीय शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ मुळापर्यंत उकरायचा, कार्डावर मराठी प्रतिशब्द आणि व्याख्या लिहायची, कार्ड खणात टाकायचं. ‘बघू’ची व्याख्या करायला सांगितली असती तर तिने लिहिलं असतं: माहीत नाही, पण तसं म्हणवत नाही.

ताई हे काही तिचं नाव नव्हे. धाकटा भाऊ म्हणायचा, त्याचं ऐकून आई म्हणू लागली, मग शेजार, मग कचेरी. भाऊही घरात बटणच होता. चार वर्षांचा असताना त्याने कोटाचं बटण गिळलं होतं आणि ते खालून पडेपर्यंत आई दोन दिवस गिरणीत गेली नव्हती. अडतीस वर्षांच्या नोकरीत तिचा तेवढाच खाडा. आता बटण सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता, टक्कल पडलं होतं. डोंगराच्या पोटात बोगदा खणणाऱ्यांना तो मोजमाप करून दिशा आखून द्यायचा. दुर्बीण लावून अर्ध्या मैलावरची खूण अचूक पकडणारा माणूस, पण आईच्या लेखी अजून पोटात बटण असलेलाच.

बोगद्यापासून घर अठरा तासांवर होतं. दुपारी दोनला एकच बस डोंगर उतरायची, ती संध्याकाळच्या एकुलत्या एका गाडीला मिळायची आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोचायची. दोनची बस चुकली की चोवीस तास चुकले. बाबांच्या वेळी तसंच झालं होतं. बटण दारात चपला काढून आत आला तेव्हा बाबांची खाटसुद्धा उचलून भिंतीला लावून ठेवलेली होती. तो त्या खाटेसमोर बराच वेळ उभा होता, एवढंच ताईला आठवत होतं.

म्हणून या खेपेला त्याने पहिल्याच दिवशी फोनवर बजावलं.

“ताई, मला ते रक्तातलं अमुक आणि लघवीतलं तमुक काही सांगू नकोस. तू बघतेयस ना? तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. तू फक्त ‘नीघ’ म्हण. एक शब्द. हातातलं टाकून निघतो.”

“आणि उगाच बोलावलं असं झालं तर?”

“तर आईच्या शिव्या खाऊन परत येईन. तेवढ्यानेही पोट भरेल.”

रोज सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. “नीघ?” तो विचारायचा. “थांब,” ती म्हणायची. दोन्ही बाजूंनी खणत आणलेला बोगदा गुरुवारी मध्ये भेटायचा होता. त्या दिवशी बटण तिथे नसता तर दोन भोकं एकमेकांना चुकवून पुढे गेली असती, असं तो हसत सांगायचा. शुक्रवारपासून मात्र तो मोकळा होता.

मंगळवारी सकाळी ताई थर्मास घेऊन वॉर्डात शिरली आणि खाटेशी थबकली. आईचे हात चालत होते.

डावा तळवा चादरीवरून सावकाश फिरत होता. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळत, चादरीवरून काहीतरी उचलत, किंचित वर नेत आणि डाव्या कमरेपाशी सोडून देत. पुन्हा तळवा, पुन्हा चिमटी, पुन्हा कमर. डोळे मिटलेले, कपाळावर एक बारीक आठी.

ती आठी ताईने जन्मभर पाहिली होती. आई लोकरीच्या गिरणीत तपासणी खात्यात होती. तिरप्या मेजावरून कापड सरकत यायचं. खात्यातल्या बायकांनी डाव्या हाताने ते चाचपायचं, उजव्या हातातल्या चिमट्याने त्यातल्या गाठी, सुटे तंतू, मेंढीच्या अंगावरून आलेल्या गवताच्या काड्या वेचायच्या आणि एप्रनच्या डाव्या खिशात टाकायच्या. दर पाळीला खिसा रिकामा करून दाखवायचा. निवृत्त झाल्यावर चिमटा गेला, पण बोटं राहिली. पाहुणा दारात उभा असला की आईचा हात आधी त्याच्या बाहीकडे जाई. “तिच्यापुढे लोकरीचं घालून उभं राहू नये,” बाबा म्हणायचे, “बोलता बोलता सोलून काढते माणसाला.”

“आई!” ताई वाकून म्हणाली. “कामाला लागलीस?”

आईचे हात थांबले नाहीत. ताई हरखली. तिने फोन काढला आणि आईच्या हातांचं चित्रीकरण केलं. बोलायचं तिच्या मनात नव्हतं, पण हसू फुटलं आणि बोलून गेली, “बघ रे बटण! आई पाळीवर गेली!” आणि ते त्याला पाठवून दिलं.

दहाला त्याचा फोन आला तेव्हा तोही हसत होता. “चारदा बघितलं. विचार तिला, पहिली पाळी की दुसरी?”

“पहिलीच असणार. दुसरीला कपाळाला दोन आठ्या असायच्या.”

“मग? नीघ?”

ताईने आईकडे पाहिलं. तळवा, चिमटी, कमर. किती नेमकं. सहा दिवस मातीच्या गोळ्यासारखी पडलेली बाई आपलं काम आठवून करत होती. याला सुधारणा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

“थांब,” ती म्हणाली. “आज घाईने आलास तर नुसते हात बघशील. शुक्रवारपर्यंत बोलायला लागेल ती.”

“नक्की?”

“नक्की.”

या शब्दाचा वापर ताई जपून करत असे. बटणलाही ते माहीत होतं. त्याने सुस्कारा सोडला आणि “चल, डोंगर फोडून येतो” म्हणून फोन ठेवला.

अकराच्या सुमाराला सिस्टर सलाईन बदलायला आली. ताईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, कमी बोलणारी बाई. ती आईच्या हातांकडे बघत जरा जास्त वेळ उभी राहिली.

“कधीपासून?”

“मी आले तेव्हा चालूच होतं. गिरणीत होती ती. तेच करतेय बघा, हुबेहूब!”

“हं.” सिस्टरने नळीतली हवा टिचकीने काढली. “अजून कुणी यायचंय का तुमच्याकडचं?”

“भाऊ. शुक्रवारी निघेल.”

“लवकर नाही का जमणार?”

“बोगद्यात आहे हो तो. अवघड काम.” आईला घरी न्यायची वेळ आली की उचलायला पुरुषमाणूस लागेल, म्हणून ही विचारतेय, असं ताईला वाटलं. “मी आहे ना. पोर्टरला हाताशी घेऊ.”

सिस्टर रिकामी बाटली घेऊन निघून गेली.

तीनला मोठे डॉक्टर फेरीला आले. बरोबर चार विद्यार्थी. तक्ता पाहिला, नाडी पाहिली, मग त्यांचं लक्ष हातांकडे गेलं. इंग्रजी शब्द नातेवाइकांना कळत नाहीत अशी डॉक्टर मंडळींची एक समजूत असते. त्या भरवशावर ते मान वळवून विद्यार्थ्यांना म्हणाले, “हे बघून ठेवा. पुस्तकात एका ओळीत असतं, म्हणून कुणी वाचत नाही. कार्फॉलॉजी. कुणाला माहितीय?”

चौघंही फळ्यापुढे उभं केलेल्या पोरांसारखी एकमेकांकडे पाहू लागली.

“कार्पल, म्हणजे मनगटाचं काहीतरी, सर?” एकाने खडा टाकला.

“मनगटाचा काही संबंध नाही,” स्टुलावरून ताई म्हणाली.

हा तिचा शब्द होता. अकरा वर्षांपूर्वी हे कार्ड तिच्या मेजावर आलं तेव्हा आधीच्या माणसाने त्यावर ‘तृणविज्ञान’ लिहून ‘कृषी’ असा शिक्का मारून ठेवला होता. तीन दिवस पुस्तकं उलटीपालटी करून तिने तो शब्द शेतातून उचलून दवाखान्यात आणला. कचेरीने तेव्हा तिचं नाव राजहंस ठेवलं, दूध आणि पाणी वेगळं करणारी म्हणून. तिने सुचवलेला ‘काडीवेच’ हा शब्द समितीला फार घरगुती वाटला. त्यांनी ‘तृणचयन’ केलं. व्याख्या मात्र तिचीच राहिली. त्यामुळे कुणीतरी तो शब्द उच्चारला आणि तिचं तोंड आपोआप सुरू झालं.

“ग्रीकमधून आलाय. कार्फॉस म्हणजे वाळकी काडी. लॉजी म्हटलं की आपल्याला शास्त्र वाटतं, पण इथे ते शास्त्र नव्हे. त्याच्या मुळाशी एक क्रियापद आहे, त्याचा जुना अर्थ वेचणं, गोळा करणं. त्यावरूनच पुढे मोजणं आणि सांगणं हे अर्थ आले; शास्त्र फार नंतरचं. तर काड्या वेचणं. त्या काळी भिंती मातीत भुसा कालवून लिंपायचे. तापात भ्रमलेला माणूस भिंतीतल्या काड्या उपसायचा, पांघरुणाचे तंतू ओढायचा, हवेतून काहीतरी पकडायला बघायचा. जुन्या ग्रीक वैद्यांनी टिपून ठेवलंय.”

“वा,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र वा म्हणणाऱ्या माणसाचा नव्हता. चौघांतली एक मुलगी वहीत भराभर उतरवून घेत होती. तिच्यासाठी ताईने वेग कमी केला, कार्डावरची व्याख्या जशीच्या तशी सांगू लागली.

“भ्रमावस्थेतील रुग्णाने अंथरुणा-पांघरुणाचे तंतू अथवा अस्तित्वात नसलेल्या वस्तू बोटांच्या चिमटीने वेचत राहणे. तीव्र ज्वरात व अतिक्षीणतेत आढळते. सामान्यतः...”

तळवा. चिमटी. कमर.

“सामान्यतः?” मुलीने पेन वर धरून विचारलं.

व्याख्या अर्धी सोडायची नाही, ही सव्वीस वर्षांची सवय. “सामान्यतः मृत्यू समीप आल्याचे लक्षण मानले जाते,” ताई म्हणाली.

मुलीने अर्धं लिहिलं आणि वही मिटली. डॉक्टरांनी आईच्या पावलावर हात ठेवला, मग उचलला. “तुम्ही नर्सिंगमध्ये होतात का?”

“नाही. कोशात आहे.”

“अच्छा,” ते म्हणाले. आणि जरा थांबून, “मुलगा यायचा होता ना?”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते.

बटणचा फोन लागेना. बोगद्यात लागत नसेच. तिने वरच्या कचेरीत फोन केला. कारकुनाने उचलला.

“साहेब आत आहेत बाई. सातशिवाय बाहेर नाहीत यायचे.”

“निरोप द्या. बहिणीने सांगितलंय, नीघ.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“कुठं निघायचं ते सांगू?”

“त्याला माहीत आहे.”

दोनची बस सव्वा तासापूर्वी डोंगर उतरून गेली होती. अंधारात तो रस्ता बंद असे. आता उद्याची दोनची बस आणि परवाची सकाळ. हिशोब तिने एकदाच केला. पुन्हा करून तो बदलणार नव्हता.

मग ती ‘सामान्यतः’ला धरून बसली. हा शब्द तिनेच घातला होता. सल्लागार वैद्यांना तो नको होता. ते म्हणाले होते, “बाई, मी तरी असा रुग्ण उठून बसलेला पाहिला नाही.” तिने वाद घातला होता की शास्त्रात शंभरातला एक सोडायचा नसतो. आता त्या एकाच्या जागेवर ती आईला ढकलून बघत होती. आई इतरांसारखी नव्हे. इतर लोक अडतीस वर्षं काड्या वेचत नव्हते. हे लक्षण नसून सवय असेल. दोन्हींत फरक कसा करायचा? करता येईल. साधी गोष्ट आहे.

तिने अंगावरची लोकरीची शाल काढली. जुनी होती, लोकरीचे बारीक गोळे, बोंडं, धरलेली. आई धडधाकट असती तर तिने ती अंगावर टिकूच दिली नसती. ताईने ती आईच्या हातांखाली पसरली, सुरकुत्या काढल्या आणि सर्वांत मोठी बोंडं नेमकी बोटांखाली येतील अशी सरकवली. मग मागे सरून बघत राहिली.

डावा तळवा बोंडांवरून गेला. अडखळला नाही. चिमटी शालीपासून दोन बोटं वर जुळली, जिथे हवेखेरीज काही नव्हतं, तिथून नसलेलं काहीतरी उचललं आणि नसलेल्या खिशात टाकलं. पुन्हा. पुन्हा. ताईने शाल डावीकडे सरकवली, मग उजवीकडे. पंचवीस वेळा मोजलं. एक बोंड हललं नाही.

हे कार्ड पुरं झालं त्या दिवशी तिने घरी येऊन आईला सगळं सांगितलं होतं. आई तेव्हा तिच्याच स्वेटरची बाही धरून बसली होती. ऐकून म्हणाली होती, “म्हणजे अडतीस वर्षं आमचं अख्खं खातं मरायला टेकलेलं होतं म्हण की!” दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. तेव्हापासून ताईला तो शब्द आठवला की आधी ते हसू आठवायचं.

सिस्टर पाळी संपवून निघाली होती. खाटेवरची शाल बघून थांबली.

“मी सकाळी विचारलं होतं, ताई.”

“हो. मला वेगळंच वाटलं.”

“तुम्ही इतक्या खूश होता. जीभ रेटली नाही माझी.”

“मला सगळं माहीत होतं हो,” ताई म्हणाली. सिस्टरने शालीची घडी घालून ताईच्या मांडीवर ठेवली आणि गेली.

साडेसातला बटणचा फोन आला. धापा टाकत होता. “ताई? सकाळी तर...”

“नीघ.”

“बस गेली गं.”

“माहीत आहे.”

फोन ठेवल्याचा आवाज आला.

बुधवारी सकाळी नऊला आईने डोळे उघडले. सात दिवसांत पहिल्यांदा पूर्ण. नजर ताईवरून गेली, दारापर्यंत जाऊन परत आली.

“बटण,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण शब्द स्वच्छ होता. “पडलं का?”

ताईने तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण हात कामात होता. “पडलं, आई. आताच पडलं.”

“मग जाते पाळीला,” आई म्हणाली आणि डोळे मिटले.

दुपारी बाराच्या सुमाराला चिमटी सैल पडत गेली, मग नुसता तळवा फिरत राहिला, मग तोही थांबला. संध्याकाळी पाच चाळीसला श्वास थांबला. त्या वेळी बटण घाटातल्या बसमध्ये होता आणि घाटात फोन लागत नव्हता. मंगळवारच्या बसने निघता तर बुधवारी आठला पोचला असता. म्हणजे नऊ तास चाळीस मिनिटं. आणि नऊ वाजता तो खाटेशी असता.

गुरुवारी सकाळी तो आला. या वेळी त्याने चपलाही काढल्या नाहीत. जे करायचं ते दोघांनी मिळून केलं, आलेल्या माणसांशी बोलले, दार लावलं. मग स्वयंपाकघरात समोरासमोर बसले. बटणच्या नखांत दगडाची भुकटी अजून तशीच होती.

“तू सकाळी थांब म्हणालीस,” तो म्हणाला. रागाने नाही. मोजमाप घेणारा माणूस दोन खुणांमधलं अंतर विचारतो तसा. “नक्की म्हणालीस. आणि संध्याकाळी नीघ. मध्ये काय झालं, ताई?”

मध्ये काय झालं त्याला एक शब्द होता. त्याचा अर्थ तिला ठाऊक होता, मूळ ठाऊक होतं, तो कुठल्या खणात कितव्या कार्डावर आहे हेही ठाऊक होतं.

“अचानक बिघडली,” ती म्हणाली.

‘अचानक’ हा शब्द तिने एकाही व्याख्येत कधी येऊ दिला नव्हता.

बटणने मान हलवली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, यावर त्याचा विश्वास होता. थोड्या वेळाने त्याने फोन काढला आणि मेजावर मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला.

“हे बरं केलंस तू. हे पाठवलंस ते,” तो म्हणाला. “निदान शेवटपर्यंत कामात होती. बघ ना, किती बरोबर करतेय. हे काम करतेय ना ती, ताई?”

ताईला एक क्षण वाटलं, सांगावं. मग वाटलं, याच्याजवळ तेवढंच आहे, ते कशाला हिसकावून घ्यायचं? आणि लगेच हेही कळलं की न सांगण्यात त्याच्यापेक्षा आपलीच सोय जास्त आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करायचा तिने प्रयत्न केला. त्या होईनात.

“हो,” ती म्हणाली.

तो पुढे चार दिवस राहिला. ती कणीक मळायची, कपडे वाळत घालायची, आईची औषधं डब्यात भरून ठेवायची, आणि पलीकडच्या खोलीत तो खाटेवर पडून तेच लावायचा. चित्र तिला दिसत नसे. आईच्या हातांना आवाज नव्हता. भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते फक्त तिचं स्वतःचं हसू, आणि त्यामागून तिचा आनंदाने चढलेला आवाज: बघ रे बटण, आई पाळीवर गेली! मग काही क्षण शांतता. मग तो पुन्हा लावायचा.